आधीची बाटली : मंगळवेढ्याचा एक हातपंप आणि शेल गॅसचे नियम

मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण अंगाला साठ-एक उंबऱ्यांची एक वाडी आहे. तिचं नाव इथे देत नाही, कारण तिथलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही आणि दोन्ही बाजूंच्या घरी मी जेवलो आहे. वाडीला प्यायच्या पाण्याचा एकच आधार, शाळेशेजारचा हातपंप. फेब्रुवारी उलटला की दांडा नुसता वर-खाली व्हायचा, पाणी यायचं नाही, आणि टँकरची वाट बघणं सुरू व्हायचं. एका मे महिन्यात ग्रामपंचायतीने खासगी ठेकेदाराकडून त्या बोअरचं जलभंजन करून घेतलं. पाणी वाढलं. इतकं वाढलं की हातपंपासोबत एक सिंगल फेज मोटर बसवली, प्लॅस्टिकची टाकी उभी केली, चार नळकोंडाळी काढली. ऑगस्टमध्ये पहिला दमदार पाऊस झाला आणि पाण्याला वास यायला लागला. आठवड्याभरात वाडीवरची सात-आठ पोरं जुलाबाने आडवी झाली.

मी सोलापुरात भूशास्त्र शिकवतो. त्या वाडीवरचा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचा फोन आला, "सर, बोअर फोडल्यापास्नं पाणी नासलंय. तुम्ही एवढं लेखी द्या, मग ठेकेदाराकडं आम्ही बघतो."

मी गेलो, दोन दिवस राहिलो, आणि लेखी काही देऊ शकलो नाही. का देऊ शकलो नाही, त्याचं हे प्रकरण.

जलभंजन म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या जिल्ह्याखाली सगळा बेसाल्ट आहे, काळा पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. त्यातला घट्ट थर पाणी धरत नाही; पाणी असतं ते पोकळीदार थरात, झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. बोअरला लागलेल्या भेगा गाळाने बुजल्या, किंवा मुळातच बारीक असल्या, तर बोअर कोरडा पडतो. मग बोअरमध्ये एक रबरी बूच ठरावीक खोलीवर उतरवून फुगवायचं आणि त्याच्याखाली जोरकस पंपाने साधं पाणी दाबायचं. दाबमापकाचा काटा चढत जातो, चढत जातो, आणि एका क्षणी झटकन पडतो. काटा पडला की समजायचं, खडकातली भेग उघडली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा टंचाईच्या गावांत ही पद्धत अनेक वर्षांपासून वापरते. कमी खर्चाचा, एका दिवसात होणारा आणि बहुतेक वेळा निर्धोक असा हा उपाय आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण या प्रकरणामुळे कोणी जलभंजनालाच दोष द्यावा असं मला वाटत नाही.

शेल गॅस म्हणजे शेल नावाच्या घट्ट, गाळाच्या खडकात अडकलेला नैसर्गिक वायू. तो काढताना वापरतात ते तत्त्व हेच. पाण्याच्या दाबाने खडक फोडायचा. फरक प्रमाणाचा आहे, आणि तो फार मोठा आहे. आमच्या वाडीवर एखाद-दुसऱ्या टँकरइतकं पाणी लागलं आणि काम दोनशे फुटांच्या आत झालं. शेल गॅसची विहीर बहुधा दोन-तीन किलोमीटर खाली जाते, तिथे आडवी वळते आणि शेलच्या थरातून आणखी किलोमीटर-दोन किलोमीटर चालते. तिच्या एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं. बारा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर बाराशेहून अधिक खेपा. ज्या तालुक्यात टँकरची एक खेप चुकली तर बायका ग्रामपंचायतीला कुलूप लावतात, तिथल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. शिवाय ते पाणी नुसतं नसतं. भेग उघडी राहावी म्हणून वाळू, घर्षण कमी व्हावं म्हणून एक रसायन, जंतू मरावेत म्हणून दुसरं, कुठे आम्ल. टक्केवारीत ही रसायनं एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण दीड कोटी लिटरचा एक टक्का म्हणजे दीड लाख लिटर. आणि जे पाणी परत वर येतं, ते खोल खडकातले क्षार घेऊन येतं. अमेरिकेतल्या मार्सेलस शेलच्या पाण्यात बेरियम आणि रेडियमही सापडतात.

वर्गात मी ही दोन प्रकरणं वेगळी शिकवायचो. हातपंपाचं एका तासाला, शेल गॅसचं दुसऱ्या सत्रात. त्या ऑगस्टनंतर मला ती वेगळी शिकवता आलेली नाहीत.

पारावरची बैठक

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळे जमले. ठेकेदारही आला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. न येता त्याला फोन बंद ठेवता आला असता. शाळेजवळ राहणाऱ्या एक आक्का तावातावाने म्हणाल्या, "वीस वर्सं ह्येच पाणी पितोय. कदी कुनाचं पोट दुखलं न्हाई. तू फोडलंस आन् नासलं."

ठेकेदार शांतपणे म्हणाला, "आक्का, तुमचं खरं असंल. पण आधी पाणी चांगलं हुतं ह्याचा कागद दाखवा. मी पैसे परत करतो."

पार गप्प झाला. कागद नव्हता.

आम्ही शोधला. जलसुरक्षकाच्या वहीत जंतू मारायची टीसीएल पावडर किती टाकली आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीचा रंग कोणता आला, याच्या नोंदी होत्या. पण त्या पावडर टाकल्यानंतरच्या पाण्याच्या. बोअरमधून निघाल्या निघाल्या पाणी कसं होतं, ते कुठेच नव्हतं. आशाताईंनी एक बाटली आणून दाखवली. पाण्यात जंतू असले की काळी पडते, त्या चाचणीची. बाटली स्वच्छ होती, तिच्यावर हातपंपाचं नावही होतं. तारीख नव्हती. ताईंना वाटत होतं गेल्या वर्षीची, त्यांच्या मुलीला वाटत होतं त्याआधीची. त्या बाटलीकडे आम्ही दहा-पंधरा जण बराच वेळ बघत बसलो होतो.

नवं पाणी मी तपासून घेतलं. मलातले जंतू निघाले, नायट्रेट भारतीय मानकाच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या, वर निघालं. हे दोन्ही शेणखताचे ढीग, गोठे आणि शोषखड्डे यांच्याकडे बोट दाखवतात, खोल खडकाकडे नाही. मग बोअरमध्ये कॅमेरा सोडला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात, मूळ बोअर घेतल्याच्या बिलात, केसिंग, म्हणजे वरची माती आणि वरचं पाणी आत येऊ नये म्हणून बोअरमध्ये घालतात तो पाइप, वीस फूट लिहिलेलं होतं. कॅमेऱ्यात ते बारा फुटांवर संपलं. त्याखाली मुरूम उघडा, आणि मुरमातून भिंतीवरून ओघळणारं पाणी स्पष्ट दिसत होतं. आठ फूट पाइप बिलात होता, जमिनीत नव्हता. वीस वर्षं कोणी खाली डोकावलं नव्हतं.

मग दोष कोणाचा? माझं मत असं, की गळती जुनीच होती. आधी बोअरमधून पाणी थोडं निघायचं, म्हणून वरचं घाण पाणी थोडंच ओढलं जायचं. जलभंजनाने खालून पाणी वाढलं, मोटर बसली, उपसा वाढला, बोअरमधली पातळी रोज खोल जायला लागली, आणि पावसाने भिजलेल्या मुरमातलं पाणी त्या रिकाम्या जागेकडे जोरात धावलं. पण दुसरंही शक्य होतं. बूच फार वर, केसिंगच्या तोंडाशी बसवलं असेल आणि दाबाने मुरमातच नवी वाट पडली असेल. किंवा त्या पावसात पाणी तसंही बिघडलं असतं, दरवर्षी थोडंफार बिघडतही असेल, आणि पोरांच्या पोटदुखीचा कोणी कधी पाण्याशी संबंध जोडला नसेल. या तिन्हींतलं एक निवडायला मेच्या आधीच्या पाण्याची एक तपासणी पुरली असती. ती नव्हती. मी 'बहुधा' एवढंच लिहू शकत होतो, आणि 'बहुधा'वर पैसे परत मिळत नाहीत.

हीच अडचण, फार मोठी होऊन

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पॅव्हिलियन नावाचं छोटं गाव आहे. तिथला गॅस शेलमधला नव्हे, वाळूच्या खडकातला. पण तो काढताना खडक याच पद्धतीने फोडला, आणि तोही तुलनेने कमी खोलीवर. घरच्या विहिरींच्या पाण्याला वास येतो अशी लोकांची तक्रार. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०११मध्ये मसुदा अहवाल काढला, त्यात दूषितीकरणाचा संबंध खडक फोडण्याशी जोडला. कंपनीने आणि राज्य सरकारने तो अमान्य केला. २०१३मध्ये संस्थेने अहवाल पुरा न करता पुढची चौकशी राज्याकडे सोपवली. त्या वादाच्या तळाशीही आमच्या पारावरचाच प्रश्न होता : गॅसच्या विहिरी खणण्याआधी या घरांचं पाणी कसं होतं?

ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११मध्येच पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात दाखवलं, की गॅसविहिरीच्या सुमारे एक किलोमीटरच्या आत असलेल्या पिण्याच्या विहिरींत मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य घटक, जास्त आढळतो. लगेच उत्तर आलं, त्या भागात मिथेन पूर्वापार आहेच. दोन्ही बाजूंकडे थोडं खरं होतं. आधीची नोंद पुरेशी नव्हती.

कायदेच मुळात मागे पडलेले होते. अमेरिकेच्या २००५च्या ऊर्जा कायद्याने खडक फोडण्याच्या कामाला, डिझेल वापरलं नसेल तर, पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातल्या जमिनीखाली द्रव सोडण्याच्या नियमांतून वगळलं. त्या केंद्रीय संस्थेने बरीच वर्षं अभ्यास करून डिसेंबर २०१६मध्ये अंतिम अहवाल दिला. त्याचं म्हणणं : या कामांचा पिण्याच्या पाण्यावर काही परिस्थितीत परिणाम होऊ शकतो, पण देशभरात तो किती वेळा होतो हे सांगण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. परिणाम कुठे होतो त्याची यादी मात्र स्पष्ट आहे. टंचाईच्या भागातून पाणी उचललं तर. रसायन किंवा परतलेलं पाणी सांडलं तर. विहिरीचं केसिंग आणि सिमेंट कमकुवत असेल तर. थेट भूजलाच्या थरात द्रव दाबला तर. सांडपाणी अर्धवट शुद्ध करून नदीत सोडलं किंवा अस्तर नसलेल्या खड्ड्यात साठवलं तर. दोन किलोमीटर खालून भेग चालत चालत वर येते, ही लोकांच्या मनातली भीती या यादीत मुख्य नाही. मुख्य आहे ते आमच्या बारा फुटांच्या केसिंगसारखं काहीतरी. माणसाच्या हाताने नीट न झालेलं, आणि जमिनीखाली गेल्यामुळे न दिसणारं.

पेनसिल्व्हेनियाने मात्र एक गोष्ट केली, आणि मला ती या विषयातली सगळ्यात शहाणपणाची वाटते. तिथल्या २०१२च्या कायदा क्रमांक १३ने ठरवलं : शेल गॅसच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत एखाद्याचं पिण्याचं पाणी बिघडलं, आणि ते विहीर खणल्यापासून किंवा खडक फोडल्यापासून १२ महिन्यांच्या आत बिघडलं, तर कंपनीच जबाबदार असं गृहीत धरायचं. आधी ही हद्द १,००० फूट आणि ६ महिने होती. कंपनीला सुटायचं असेल तर तिने सिद्ध करायचं की पाणी आधीपासूनच तसं होतं, दुसऱ्याच कारणाने बिघडलं, किंवा मालकाने आधीच्या तपासणीला नकार दिला होता. पुराव्याचं ओझं आक्कांच्या डोक्यावरून ठेकेदाराच्या डोक्यावर गेलं. परिणाम असा, की स्वतःच्या बचावासाठी कंपन्यांनीच हजारो विहिरींचं पाणी खणण्याआधी तपासून घेतलं. निरीक्षकांची फौज न वाढवता हे घडलं. इंग्लंडने वेगळ्या मार्गाने तेच मागितलं. तिथल्या २०१५च्या पायाभूत सुविधा कायद्याने खडक फोडण्याआधी १२ महिने भूजलातल्या मिथेनची मोजणी सक्तीची केली आणि १,००० मीटरपेक्षा उथळ काम बंद केलं. पुढे ऑगस्ट २०१९मध्ये लँकेशरात खडक फोडताना २.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नोव्हेंबरमध्ये तिथे ते कामच थांबवलं गेलं. भूकंपाचा विषय मी इथे वाढवत नाही. किल्लारीची ती पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत, आणि धरणातल्या पाण्याचं जमिनीखालच्या हालचालीशी नातं असतं हे महाराष्ट्राने १९६७मध्ये कोयनेला पाहिलं आहे.

आपल्याकडे

सोलापूरखाली शेल गॅस नाही. बैठकीनंतर हे मला एका तरुणाने विचारलंच, "सर, मग आपल्याला काय त्याचं?" देशात शोध चालला तो खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर अशा गाळाच्या खडकांच्या खोऱ्यांत. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ ओएनजीसीच्या विहिरीत जानेवारी २०११मध्ये शेलमधून गॅस आला. ऑक्टोबर २०१३मध्ये केंद्राने शेल गॅसचं धोरण जाहीर केलं आणि आधी ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना त्यांच्याच जुन्या क्षेत्रांत शोधाची मुभा दिली. २०१८मध्ये ही वाट इतर कंत्राटदारांनाही मोकळी झाली. तिकडे खालून गॅस येणार असला तरी वर शेतं आहेत, बोअर आहेत आणि आक्का आहेत.

मला सलतं ते जानेवारी २०२०चं पाऊल. पर्यावरण परवानगीच्या २००६च्या अधिसूचनेत दुरुस्ती करून तेल आणि गॅसच्या शोधविहिरी 'ब-२' वर्गात टाकल्या. म्हणजे सविस्तर पर्यावरण आघात अहवाल नको, जनसुनावणीही नको. उत्पादनाच्या टप्प्याला कडक परवानगी राहिली. कारण दिलं जातं ते असं की शोधविहीर छोटी असते, तात्पुरती असते. पण जमिनीला पहिलं भोक पडतं ते शोधाच्या वेळी. आधीच्या पाण्याची बाटली भरायची वेळ तीच. जनसुनावणीत गावकरी नेमकी हीच माहिती देतात : कोणाची विहीर कुठे, कोणत्या महिन्यात पाणी कसं, कुठला ओढा कुठे मुरतो. ते दार बंद केलं आणि उत्पादनाच्या वेळी उघडलं, तर तोवर 'आधी' संपलेलं असतं. हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तमिळनाडूने त्याच वर्षी फेब्रुवारीत कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून कायद्याने जाहीर करून शेल गॅससह नव्या तेल-वायू विहिरींना बंदी केली. बंदी समजू शकतो. पण ज्या राज्यांत बंदी नाही, तिथे तरी आधीची मोजणी आणि जबाबदारीचं गृहीतक, या दोन ओळी परवान्यात हव्यात.

नियम लिहिला की पाळला जातो, असं मी म्हणत नाही. आपल्या राज्याचा भूजल अधिनियम २००९चा, अंमल २०१४पासून. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, बोअरच्या गाड्यांच्या मालकांनी नोंदणी करायची आहे. सांगोल्यात डाळिंबाच्या बागा वाळायला लागल्या की काय होतं, ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. तमिळनाडूच्या पाटीची गाडी संध्याकाळी येते, पाणाड्या नारळ तळहातावर धरून जागा दाखवतो, रात्रभर धुरळा उडतो आणि सकाळपर्यंत पाचशे-सहाशे फूट झालेले असतात. गाडी पुढच्या शिवारात. तिने किती केसिंग टाकलं, कुठल्या थराला पाणी लागलं, कुठली नोंद कोणाकडे गेली? शेतकऱ्याला मी बोल लावणार नाही. बाग जळताना दिसत असेल तर मीही गाडी बोलावली असती. पण जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाची नोंद तो तिथे असतानाच झाली नाही, तर नंतर ती कोणालाच करता येत नाही. गॅसच्या विहिरीत केसिंगच्या नळ्या एकात एक असतात, भूजलाच्या खालपर्यंत त्यांच्याभोवती सिमेंट भरतात, ते नीट धरलं का ते यंत्र सोडून तपासतात. हे सगळं तंत्र आहे. ते पाहून सही करणारा माणूस त्या रात्री तिथे हवा. आमच्या वाडीवर वीस वर्षांपूर्वी आठ फूट पाइपच्या बाबतीत तो नव्हता.

वाडीवर पुढे काय झालं

पोरं बरी झाली. टँकर पंधरा दिवस आला. बोअरमध्ये चाळीस फुटांपर्यंत बारीक पाइप उतरवून त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत सिमेंट भरलं, तोंडाभोवती ओटा केला. शाळेमागचे आपापले उकिरडे हलवायला दोन घरांनी आधी नकार दिला. एक हलला, एक अजून तिथेच आहे. दिवाळीनंतरच्या तपासणीत जंतू नव्हते, नायट्रेट उतरलं होतं पण मर्यादेच्या थोडंसंच खाली. ठेकेदाराने पैसे परत केले नाहीत. सिमेंटच्या कामाची मजुरी मात्र त्याने घेतली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या हातपंपाचं जलभंजन ठरलं. ठेकेदार तोच. मी पोहोचलो तेव्हा गाडी उभी होती, पंप जोडलेला होता, आणि तो काम सुरू करत नव्हता. "आधी बाटल्या भरा," असं तो ग्रामसेवकाला सांगत होता. आशाताईंनी तीन बाटल्या भरल्या, एक प्रयोगशाळेला, एक ग्रामपंचायतीला, एक त्याला. कॅमेरा आधी सोडला. केसिंग बावीस फूट निघालं, तसं लिहून घेतलं. मग ताईंनी पेनाने प्रत्येक बाटलीवर तारीख घातली, आक्कांनी ती मोठ्याने वाचायला लावली, आणि ठेकेदाराने पंप चालू केला.